अख्खी दिसणारी डिस्क

४ जून

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तू फोन करतेस, आई उचलते आणि ठेवल्यावर मला हातवारे करून सांगते की सून बरी आहे. एवढ्यावर माझं भागत नाही. माझे कान आता टोल्यांच्या घड्याळालाही दाद देत नाहीत, म्हणून कागदावरच बोलतो.

काम असं आहे. भुंग्याचा कॉम्प्युटर बिघडायला आलाय. शेजारी नव्या बाई राहायला आल्यात, त्यांनी विचारलं, मुलाचं नाव भुंगा कसं हो ठेवलंत? आई म्हणाली, जन्मापासून गुणगुणायचा, पुढे पोटापाण्यालाही आवाजाचाच धंदा धरला. एवढं बोलली आणि आत निघून गेली. तो गेला त्याला आता दुसरं वर्ष लागलंय, हे त्या बाईंना मग मी सांगितलं.

तर कॉम्प्युटर. तू नोकरीच्या गावी गेलीस तेव्हा तो आईसाठी ठेवून गेलीस, हे तू फार मोठं काम केलंस. रोज दुपारी आवराआवर झाली की ती त्याच्या खोलीत बसते, कानाला ते मोठे हेडफोन लावते आणि त्याने भरून ठेवलेलं ऐकते. स्टुडिओचं काम घरी करताना तो मध्येमध्ये आमच्याशी, तुझ्याशी बोलायचा, ते सगळं त्यात आहे. परवा पडद्यावर पाटी आली की जागा संपली. शिवाय आतली डिस्क कण्हते. मला ऐकू येत नाही, पण डब्यावर बोट ठेवलं की आजारी माणसाच्या छातीसारखी घरघर लागते. घड्याळजीच्या बोटाला तेवढं कळतं.

कोपऱ्यावरचा कॉम्प्युटरवाला म्हणाला, "काका, चाळीस जीबीचा जमाना गेला. अडीचशेची टाका, जन्माची कटकट मिटली." तू दिवसभर असल्याच यंत्रांच्या खोलीत काम करतेस, म्हणून तुला विचारतो. घेऊ का? लावायचं काम मी करीन. दुकान बंद केलं तरी हात शिवशिवतातच.

एवढी जागा कशी भरली म्हणशील, तर देव जाणे. नुसतं ऐकल्याने भरत नसेल ना?

तुझा,
बाबा


१३ जून

ती. बाबांना,
नमस्कार.

पत्र मिळालं. घरघर ऐकू येत असेल (म्हणजे बोटाला लागत असेल) तर थांबू नका, डिस्क बदलाच. ऐकल्याने जागा भरत नाही. कशाने भरली ते नंतर बघू.

पण अडीचशेची घेण्याआधी एक लक्षात घ्या. डिस्क मोठी असून भागत नाही, मशीनला ती मोजता आली पाहिजे. भुंग्याचं मशीन त्याच्या कॉलेजच्या दिवसांतलं आहे. त्याच्या मुख्य पाटीवर जो प्रोग्राम असतो आणि वरचं विंडोज, दोन्ही जुनी. अशांना साधारण एकशेतीस जीबीच्या पुढचं ओळखता येत नाही. तेव्हा ऐंशीची मिळाली तर तीच घ्या. मोठी घेतलीत तर लावल्यावर किती दिसते ते पाहा. एकशेतीसच्या आसपास दिसली तर फसवलं असं वाटून घेऊ नका, मशीनची धावच तेवढी आहे.

मागच्या बाजूला पिनांवर एक बारीक टोपी असते. जुन्या डिस्कवर ती जिथे आहे तिथेच नवीवर लावा. आणि जुनी डिस्क टाकू नका, जपून ठेवा. हे सगळ्यात महत्त्वाचं.

घाईत लिहितेय. कामाचा रगाडा आहे आणि पुढचे काही आठवडे ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी आहे. आईंना सांगा, या खेपेलाही यायला जमत नाहीये. रागावू नका म्हणावं.

तुमची सून


२४ जून

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

अख्खी दिसते! एकशेतीस नाही, चांगली अडीचशेला थोडी कमी. तेवढी घट पडतेच म्हणे, पीठ चाळल्यासारखी. तुझी भीती फोल ठरली, म्हणून आधी तेच लिहितो.

तुझं पत्र मी कॉम्प्युटरवाल्याला वाचून दाखवलं. तो हसून, मला वाचता यावं म्हणून पाटीवर लिहून म्हणाला, "ताई हुशार आहेत, पण काळजी फार करतात." नवी डिस्क त्याने त्याच्या दुकानातल्या नव्या मशीनवर तयार केली, भुंग्याच्या डिस्कमधलं सगळं तिच्यात उतरवलं आणि माझ्या हातात दिली. मी घरी आणून लावली. टोपीसुद्धा तू सांगितलीस तिथेच. बटण दाबलं आणि त्याने ठेवलेलं ते आभाळाचं चित्र पडद्यावर आलं. आईने माझ्या पाठीवर थाप मारली. लग्नानंतर पहिल्यांदाच मारली असेल.

जुनी डिस्क जपून ठेव म्हणालीस, ठेवली. पण खरं सांगू? घड्याळजीच्या हातात बंद डबी द्यायची आणि उघडू नको म्हणायचं, हे मांजराला दुधाची राखण सांगण्यासारखं आहे. चांदणीच्या आकाराचे स्क्रू होते, एक पेचकस घासून तसा केला आणि उघडली. काय देखणं काम गं! आत आरशासारखी तबकडी, माझा चेहरा दिसला तिच्यात, नाकावरच्या चामखिळीसकट. वर एक दांडा, त्याचं टोक केसाहून बारीक. एवढ्याशा टोकाखाली आमच्या पोराचा आवाज मावला. धूळ नको म्हणून फुग्याने हवा मारली, मऊ फडक्याने तबकडी पुसली आणि मखमलीच्या घडीत गुंडाळून ठेवली. एवढी बडदास्त मी कुठल्या गिऱ्हाइकाच्या घड्याळाची ठेवली नाही.

आता मागच्या पत्रात चोरलेलं सांगतो. जागा आईने भरली.

ती त्याला उत्तरं देते. आधी त्याचं ऐकते, मग रेकॉर्डचं लाल बटण दाबते आणि माइकमध्ये बोलते. मला ऐकू येत नाही, पण चाळीस वर्षं तिचे ओठ बघतोय. "तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त केला." "बाबांनी आज पुन्हा गोळी चुकवली." बोलून झालं की उठून भांडी घासायला जाते. बटण बंद करायचं राहतं आणि मशीन संध्याकाळपर्यंत आमचं रिकामं घर भरून घेत बसतं. तिची बहीण म्हणाली, डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, यात कुणाचं काय जातं? म्हणून तर मोठी डिस्क घेतली. आता तिला हवं तेवढं बोलू दे.

तुझा,
बाबा


१८ जुलै

ती. बाबांना,
नमस्कार.

हे पत्र वाचताना मशीन चालू असेल तर आधी उठा आणि प्लग काढा. मग पुढे वाचा.

तुमचं पत्र मला काल, बाहेरगावाहून परतल्यावर मिळालं. दारातच उभ्या उभ्या वाचलं. लगेच आईंना फोन केला. म्हटलं, "आई, कॉम्प्युटर लावू नका." त्या म्हणाल्या, "तूसुद्धा?" मी म्हटलं, "तसं नाही हो, बोलू नका असं नाही म्हणत मी..." पण त्यांनी "आमचं आम्ही बघू" म्हणून फोन ठेवला. पुन्हा केला, उचलला नाही. माझ्यावर रागावल्या असतील. त्यांना वाटलं असेल, मीही त्यांना वेडं ठरवतेय.

बाबा, अख्खी दिसते हे तुम्ही आनंदाने लिहिलंत आणि तेच वाईट आहे. मी घाईत अर्धंच लिहिलं होतं. मशीनला डिस्क कमी दिसली असती तर काही बिघडलं नसतं. पण ती दुसऱ्याच्या नव्या मशीनवर तयार झाली. त्या मशीनने तिच्यावर पाटी लावली की ही अडीचशेची. भुंग्याचं मशीन ती पाटी वाचतं, मान डोलावतं, तुम्हाला तोच आकडा दाखवतं. मोजायला मात्र त्याला एकशेतीसपर्यंतच येतं.

मग त्याच्यापुढे लिहायची वेळ आली की काय होतं? तुम्हाला घड्याळावरून सांगते. बारा वाजून गेल्यावर काटा तेरावर जात नाही, पुन्हा एकवर येतो. एकशेतीस भरलं की हे मशीन नवं बोलणं पुन्हा पहिल्या घरापासून लिहायला लागतं. तिथे आधी काय आहे ते बघत नाही. आणि पहिल्या घरात भुंगा आहे.

आई दिवसभर बटण चालू ठेवत असतील तर एकशेतीस भरायला फार दिवस लागत नाहीत. कदाचित अजून भरलं नसेल. तसंच असो. डिस्क काढा, कापसात गुंडाळून मला कुरियरने पाठवा.

जुन्या डिस्कबद्दल पुढच्या पत्रात लिहिते.

तुमची सून


२५ जुलै

चि. पोरीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मशीन बंदच होतं. चार-पाच दिवसांपूर्वी आईने लावायला घेतलं तर आभाळाचं चित्र आलं नाही. काळा पडदा आणि पांढऱ्या अक्षरांची एक ओळ. मी कॉम्प्युटरवाल्याला आणलं. तो बराच वेळ खुडबुड करत बसला, मग माझ्याकडे न बघता पिशवी आवरायला लागला. त्याचे ओठ मला वाचता आले नाहीत, कारण तो बोललाच नाही. वाईट माणूस नाही तो. त्याला माहीत नव्हतं, एवढंच.

घड्याळाचं लिहिलंस ते दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही. जन्मभर तोच काटा फिरवत आलो.

जुन्या डिस्कबद्दल "पुढच्या पत्रात" म्हणालीस. पोरी, घड्याळ दुरुस्त होणार नसलं की मीही गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणायचो. मी ती उघडायला नको होती, असंच ना? फुंकर मारली, फडक्याने पुसली. आपल्या हाताने पुसली गं. त्या तबकडीत स्वतःचं तोंड बघत बसलो होतो आणि मला वाटत होतं, मी तिला जपतोय.

दोन्ही डिस्क पाठवल्यात. आईला सांगितलंय की दुरुस्तीला दिल्यात. नवल म्हणजे, कधी येणार असं तिने एकदाही विचारलं नाही. दुपारी त्याच्या खोलीत जाते, खुर्चीवर न बसता पलंगाच्या कडेला बसते आणि उठून येते. मी तिला खरं सांगणार नाही. कसं सांगू, की तू बोललीस म्हणून तो गेला? तू काहीतरी काढ त्यातून. चिमूटभर काढ.

तुझा,
बाबा


२० ऑगस्ट

ती. बाबांना,
नमस्कार.

आमच्या ऑफिसच्या ओळखीने, बंद पडलेल्या डिस्कमधून माहिती काढणाऱ्या एका बाईंकडे दोन्ही दिल्या होत्या. त्या फार मन लावून काम करतात. जुनीबद्दल त्या म्हणाल्या की ती तुम्ही उघडायच्या आधीच संपली होती. तेव्हा ते मनातून काढून टाका.

नव्या डिस्कमधून आईंचं बोलणं पुष्कळ आलं. भुंग्याचं जिथे होतं तिथेही आईच आहेत. पंखा, गोळी, दूधवाला, मग भांडी, मग तुमचा खोकला, मग नुसतं घर, तासन् तास. मी रजा काढून सगळं ऐकलं. कुठेतरी एखादा शब्द राहिला असेल म्हणून.

त्याचं एकच काहीतरी पूर्ण आलंय. कामासाठी तो दर खोलीचा गप्प आवाज भरून घ्यायचा, आठवतं? आपल्या सगळ्यांना बाहेर काढायचा आणि एकटाच आत उभा राहायचा. तसली एक फाईल. तिच्यात कुणी बोलत नाही. पण ती भरताना तो त्या खोलीत होता, हे मला माहीत आहे. मी ती लावून ठेवली आणि पोळ्या करपवल्या.

माझ्याकडे त्याचं दुसरं काही नाही. जड होत होतं म्हणून मी काहीच नेलं नव्हतं. घरी आहे, सुरक्षित आहे, असं समजून चालले होते.

बाबा, तुम्ही चोरलेलं सांगितलंत, आता माझं ऐका. मी ऑफिसच्या कामाला गेले नव्हते. पाणीपुरवठा खात्यात एक जण आहेत. वर्षभर ओळख आहे. त्यांच्या आईवडिलांना भेटायला, राहायला गेले होते. तुमचं "अख्खी दिसते" हे पत्र माझ्या दाराखालून आत येऊन पडलं होतं आणि मी तिथे त्यांच्या ओट्यावर बसून हसत होते. खरंच हसत होते, हेच सारखं आठवतं. आधी कळवलं असतं, कुठे आहे ते सांगितलं असतं, तर पत्र तिकडे आलं असतं.

तुम्ही नको म्हणालात तर मी... नाही, तसं लिहीत नाही, कारण ते खरं नाही. मला तिथे जायचंय. फक्त तुम्हाला हे असं, याच पत्रात कळावं असं मला वाटत नव्हतं.

तुमची
(सही काय करू कळत नाही)


२९ ऑगस्ट

चि. सौ. कां. पोरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मायना लिहिताना हात थांबला, मग लिहिला. तो गेल्यावर तुला नुसतं चि. लिहायला लागलो, ते दर पत्रात बोचायचं. आता बोचणार नाही. तुझ्या ओट्यावरच्या हसण्याचा हिशेब आमच्याकडे मागायला येऊ नकोस, तो आम्ही ठेवलेला नाही.

जुनी डिस्क आधीच संपली होती, असं तू लिहिलंस. बरं. मानतो.

आईला मात्र सगळं सांगितलं. नाही सांगणार म्हटलं होतं, पण तुझं पत्र वाचताना ती समोर येऊन बसली आणि माझं तोंड बघत राहिली. मी सांगत असताना तिने हात मांडीवर घट्ट धरले होते. रडली नाही. शेवटी उठली, माझ्या टेबलावरचा कागद घेतला आणि त्याच्या खोलीत जाऊन लिहीत बसली. पाकीट चिकटवूनच माझ्या हातात दिलं, म्हणून मी वाचलेलं नाही. सोबत पाठवतो.

बाबा


चि. बाळ,

यांनी मला सगळं सांगितलं, मोठमोठ्याने ओरडून. बहिऱ्या माणसाला हळू दुःख सांगता येत नाही. गल्लीत कुणाला कळायचं राहिलं असेल असं वाटत नाही.

पण मला आधीच कळलं होतं. यांना सांगू नकोस.

तुझा फोन आला त्याच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी मी त्याचं नेहमीचं लावलं. "आई, आज स्टुडिओत काय गंमत झाली सांगतो," म्हणाला, आणि त्याचं वाक्य तुटून एकदम माझाच आवाज, "अरे, जेवलास का?" मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. वेडी म्हण हवं तर. इतके दिवस तो तिकडून बोलायचा, मी इकडून बोलायचे. पहिल्यांदाच आमचं बोलणं एकमेकांत मिसळलं. वाटलं, पोचलं याच्यापर्यंत. म्हणून त्या दिवशी मी खूप बोलले.

दुसऱ्या दिवशी त्याचं वाक्य अजून लवकर तुटलं. गंमत आलीच नाही. "आई, आज," आणि पुढे माझी भांडी. दुसरं लावून बघितलं, तिसरं लावलं. सगळीकडे मी. तेव्हा कळलं की मी जितकं बोलते तितका तो जातो. कसं, ते नाही कळलं. पण जातो, हे कळलं.

आणि तरी मी त्या दिवशी पुन्हा लाल बटण दाबलं. "जाऊ नकोस" एवढंच सांगायला.

तू फोनवर "लावू नका" म्हणालीस तेव्हा वाटलं, हिला कळलंय मी काय केलं ते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून फोन ठेवला. तुझ्यावर रागावले नव्हते गं. तुझ्यावर मी कधी रागावलेच तर तोंडावर सांगेन.

यांना वाटतं डिस्क उघडून त्यांनी घालवला. तुला वाटतं अर्धं पत्र लिहून तू घालवलास. तुम्ही दोघं आपापलं घेऊन बसा, मी त्यात पडत नाही. माझं मला पुरे आहे.

आता तुझं. लग्न कर, थाटात कर आणि नंतर आधी इकडे ये. जावयांना घेऊन ये. त्यांना जेवायला काय आवडतं ते पत्राने कळव, फोनवर मला नीट सुचत नाही. त्यांना संकोच वाटेल, तर सांग, त्या घरी बायकोचे आईवडील आहेत म्हणून.

तो गप्प खोलीचा आवाज मात्र पाठवू नकोस. तुझ्याकडेच असू दे. गप्प खोली आमच्याकडे आहे.

एक मागते. त्याचं बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे. रोज ऐकत होते ना. स्टुडिओतली गंमत विचार, अख्खी सांगेन. पण आवाज निसटतोय. काल कपडे वाळत घालताना त्याला आठवायला गेले, तर शब्द त्याचे आणि आवाज माझाच यायला लागला. तू त्याची नक्कल करायचीस, मान वाकडी करून, "आई गं, पाचच मिनिटं" म्हणायचीस. हुबेहूब करायचीस. तो चिडायचा आणि मी तुला ओरडायचे.

आलीस की एकदा करून दाखव. मी डोळे मिटून बसेन.

आई